विरघळते ते दिसत नाही

भूमहून एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्यांच्या सासूबाई 78 वर्षांच्या आहेत. मागच्या महिन्यात पाणी शुद्ध करण्याचे यंत्र विकणारा एक गृहस्थ घरी आला. त्याने दोन पेले मांडले. एकात घरच्या बोअरचे पाणी, दुसऱ्यात स्वतःजवळच्या बाटलीतले. धातूच्या कांड्यांचे एक उपकरण त्याने दोन्ही पेल्यांत बुडवले आणि विजेचे बटण दाबले. दोन-तीन मिनिटांत घरच्या पाण्यात तपकिरी, शेवाळी गाळ तरंगू लागला. बाटलीतले पाणी जवळजवळ होते तसेच राहिले. ‘‘आजी, हेच रोज तुमच्या पोटात साचतंय,’’ असे सांगून तो निघून गेला. यंत्राची किंमत परवडण्याजोगी नसल्याने ते काही घेतले नाही. मात्र त्याच संध्याकाळी सासूबाईंनी पाणी तापवायच्या पातेल्याच्या तळाचा पांढरा थर नखाने खरवडून पाहिला आणि दुसऱ्या दिवसापासून त्या पाणी मोजून पिऊ लागल्या. दिवसाला चार पेले, त्याहून जास्त नाही. सासऱ्यांना पूर्वी मुतखड्याचा त्रास होता, त्यामुळे ही धास्ती अधिकच खोल गेली आहे. भगिनींनी विचारले आहे : ‘पातेल्यात साचते तेच मूत्रपिंडात साचते का? आणि साचत नसेल, तर हे त्यांना पटवून कसे द्यायचे?’

पहिल्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात द्यायचे तर : नाही. आणि पाणी कमी पिण्याने मुतखड्याचा धोका टळत नाही, उलट वाढतो. परंतु केवळ ‘नाही’ म्हटल्याने भीती जात नाही, कारण सासूबाईंनी गाळ स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला आहे. तेव्हा तो गाळ कोठून आला, पातेल्यातला थर काय आहे आणि कोणता क्षार पाण्यात विरघळतो व कोणता विरघळत नाही, हे आज क्रमाने पाहू. हा विषय शाळेच्या रसायनशास्त्रातला असला, तरी घरातल्या वृद्ध माणसाच्या पाण्याशी, पथ्याशी आणि गोळ्यांशी त्याचा रोजचा संबंध आहे.

पेल्यातला गाळ

त्या गृहस्थाच्या उपकरणात सामान्यतः लोखंडाच्या आणि ॲल्युमिनियमच्या कांड्या असतात. पाण्यात क्षार विरघळलेले असले, तर त्यातून वीज वाहते. वीज वाहू लागली की कांडीतील लोखंड झिजून पाण्यात उतरते आणि तेथे त्याचे हायड्रॉक्साइड तयार होते. लोखंडाचे हायड्रॉक्साइड पाण्यात विरघळत नाही, म्हणून ते तपकिरी गाळाच्या रूपाने दिसू लागते. तो गाळ बोअरच्या पाण्यातला नव्हताच. तो कांडीचा होता. बाटलीतल्या पाण्यात क्षार नगण्य होते, त्यामुळे वीज वाहिली नाही, कांडी झिजली नाही आणि पाणी स्वच्छ राहिले.

असा विक्रेता पुन्हा आला, तर त्याच्याच बाटलीतल्या पाण्यात चिमूटभर मीठ टाकून प्रयोग पुन्हा करायला सांगावे. त्याचेही पाणी तसेच गढूळ होईल. हा प्रयोग घरी कोणी स्वतः करू नये. घरातली वीज आणि पाणी यांचा खेळ जिवावर बेतू शकतो.

कोण विरघळतो, कोण विरघळत नाही

आपण ज्यांना सरसकट ‘क्षार’ म्हणतो, ते विद्युतभार असलेल्या कणांच्या जोडीने बनलेले असतात. एका कणावर धन भार, दुसऱ्यावर ऋण भार. या भारित कणांना आयन म्हणतात. साधे मीठ म्हणजे सोडियम आणि क्लोराइड या आयनांची जोडी. पाण्याच्या प्रत्येक रेणूची एक बाजू किंचित धन आणि दुसरी किंचित ऋण असते. क्षार पाण्यात पडला की पाण्याचे रेणू आयनांभोवती गर्दी करतात आणि त्यांना एकमेकांपासून ओढू लागतात. जत्रेच्या गर्दीत हातात हात धरून चालणाऱ्या दोघांची ताटातूट व्हावी, तसेच हे. एका हाताने धरले असेल तर गर्दी सहज सोडवते; दोन्ही हातांनी घट्ट धरले असेल तर गर्दीचे काही चालत नाही. सोडियम आणि क्लोराइड यांच्यावर प्रत्येकी एकच भार असतो. कॅल्शियम आणि कार्बोनेट यांच्यावर प्रत्येकी दोन. म्हणूनच एक लिटर पाण्यात मीठ सुमारे 360 ग्रॅमपर्यंत विरघळते, तर कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे खडू आणि चुनखडीतला पदार्थ, शुद्ध पाण्यात लिटरला सुमारे 15 मिलीग्रॅम एवढाच.

हा दृष्टान्त प्रत्येक ठिकाणी लागू पडत नाही. चांदीचे क्लोराइड एकेका भाराचे असूनही विरघळत नाही आणि मॅग्नेशियम सल्फेट दोन-दोन भारांचे असूनही सहज विरघळते. त्यामुळे रसायनशास्त्रज्ञांनी अनुभवावरून काही ढोबळ नियम बांधले आहेत. ते असे :

सोडियम, पोटॅशियम आणि अमोनियम यांचे क्षार, जोडीदार कोणीही असो, जवळजवळ सगळे विरघळतात.

नायट्रेटसुद्धा जवळजवळ सगळी विरघळतात.

क्लोराइडे बहुतेक विरघळतात. चांदी आणि शिसे हे ठळक अपवाद.

सल्फेटेही बहुतेक विरघळतात. बेरियम आणि शिसे यांची विरघळत नाहीत, कॅल्शियमचे थोडेसेच विरघळते.

कार्बोनेट, फॉस्फेट, ऑक्झलेट आणि हायड्रॉक्साइड बहुधा विरघळत नाहीत. मात्र जोडीदार सोडियम किंवा पोटॅशियम असेल तर विरघळतात.

एवढ्या पाच ओळींवरून घरातल्या बऱ्याच गोष्टींचा अंदाज बांधता येतो. खायचा सोडा सोडियमचा, म्हणून विरघळतो. तुरटी म्हणजे पोटॅशियम आणि ॲल्युमिनियम यांचे सल्फेट, म्हणून तीही विरघळते. परंतु विरघळल्यावर तिच्यातल्या ॲल्युमिनियमचे हायड्रॉक्साइड बनते, ते विरघळत नाही आणि खाली बसताना पाण्यातली माती आपल्याबरोबर घेऊन जाते. गढूळ पाणी तुरटीने निवळते ते असे. निवळलेले पाणी दिसायला सुंदर झाले, तरी तुरटीने त्यातले सगळे रोगजंतू मरत नाहीत; त्यासाठी क्लोरीन किंवा उकळणे हवेच.

पातेल्यातला पांढरा थर

भूम बालाघाटच्या डोंगररांगेत वसले आहे आणि त्याच्या पोटात काळा बेसाल्ट खडक आहे. पावसाचे पाणी जमिनीत मुरताना मातीतला कार्बन डायऑक्साइड वायू शोषून किंचित आम्लधर्मी होते. ते खडकाच्या भेगांतून झिरपताना कॅल्शियम आणि मॅग्नेशियम सोबत घेते. हे कॅल्शियम पाण्यात बायकार्बोनेटच्या रूपाने राहते आणि बायकार्बोनेट विरघळणारे असते. म्हणून बोअरचे पाणी उपसले की ते नितळ दिसते. आपण त्याला ‘जड पाणी’ म्हणतो, शाळेच्या पुस्तकात त्याला दुष्फेन पाणी म्हटले जाते, कारण त्यात साबणाला फेस येत नाही.

हे पाणी तापवले की त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो, बायकार्बोनेटचे कार्बोनेट होते आणि न विरघळणारे कॅल्शियम कार्बोनेट तळाशी बसते. तोच पांढरा थर. शाळेत चुन्याच्या निवळीतून कार्बन डायऑक्साइड सोडण्याचा प्रयोग अनेकांनी पाहिला असेल. आधी निवळी दुधाळ होते, कारण कार्बोनेट तयार झालेले असते. वायू सोडतच राहिले तर ती पुन्हा नितळ होते, कारण आता बायकार्बोनेट झालेले असते. आणि ते नितळ पाणी उकळले की पुन्हा पांढुरके होते. भूमच्या भूगर्भात आणि सासूबाईंच्या पातेल्यात हेच घडते.

साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, म्हणून उष्णतेने सगळेच अधिक विरघळते असा आपला समज असतो. कॅल्शियमच्या काही क्षारांचे उलटे आहे. भूमच्या परिसरात खव्याच्या भट्ट्या पुष्कळ. दूध तापवताना त्यातले कॅल्शियम फॉस्फेट कमी विरघळू लागते, आणि दूध तापवणाऱ्या धातूच्या पृष्ठभागावर जो चिवट थर बसतो, त्यात प्रथिनांबरोबर हे फॉस्फेटही असते.

तूरडाळ जड पाण्यात लवकर शिजत नाही, कारण पाण्यातले कॅल्शियम डाळीच्या पेशींमधल्या पेक्टिनला घट्ट बांधून ठेवते. पूर्वीपासून अशा डाळीत चिमूटभर खायचा सोडा घालण्याची रीत आहे. रक्तदाबाच्या रुग्णाने ही रीत टाळलेली बरी, कारण सोड्याबरोबर सोडियम पोटात जाते. त्यापेक्षा पाणी आधी उकळून, थंड होऊ देऊन, वरचे नितळ पाणी डाळीसाठी घ्यावे.

मग हा थर अपायकारक आहे का? भांड्याला आणि गीझरला आहे. माणसाला तसा पुरावा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने पाण्याच्या कठीणपणासाठी आरोग्याच्या कारणावरून कोणतीही मर्यादा घातलेली नाही. भारतीय मानक ब्यूरोने 2012 च्या मानकात एकूण कठीणपणासाठी लिटरला 200 मिलीग्रॅम ही इष्ट आणि दुसरा स्रोत नसल्यास 600 मिलीग्रॅम ही कमाल मर्यादा सांगितली आहे. उलट, लिटरला 100 मिलीग्रॅम कॅल्शियम असलेले पाणी दिवसाला दोन लिटर प्यायले, तर 200 मिलीग्रॅम कॅल्शियम त्यातूनच मिळते. उतारवयातल्या हाडांची दिवसाची गरज साधारण 1000 ते 1200 मिलीग्रॅम असते. थर काढायचा असेल तर चिंचेचा कोळ किंवा लिंबाचा रस लावून ठेवावा; आम्लाने कार्बोनेट फसफसून विरघळते.

जे दिसत नाही त्याकडे पाहा

डोळ्याला दिसणारा पांढरा थर निरुपद्रवी असतो; चिंता करण्याजोगे क्षार विरघळलेले असतात आणि म्हणूनच दिसत नाहीत. कापडाने गाळून ते निघत नाहीत, तुरटीने निवळून निघत नाहीत आणि उकळून तर मुळीच नाहीत. उकळल्याने पाणी आटते आणि उरलेल्या पाण्यात त्यांचे प्रमाण वाढते.

यात पहिले नायट्रेट. शेतातली खते, गोठ्याजवळचा उकिरडा, शोषखड्डे यांतून ते विहिरीत आणि बोअरमध्ये उतरते. दुसऱ्या नियमाप्रमाणे ते कधीच तळाशी बसत नाही. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला 45 मिलीग्रॅम आहे आणि या मर्यादेत मानक कोणतीही सवलत देत नाही. सहा महिन्यांखालील बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती यामुळे कमी होऊ शकते. अनेक घरांत नातवंडाची दुधाची बाटली आजीच भरते. तिने हे लक्षात ठेवावे की अशा पाण्यासाठी उकळणे हा उपाय नाही.

दुसरे फ्लोराइड. सोडियम फ्लोराइड चांगले विरघळते, कॅल्शियम फ्लोराइड अगदी थोडे. म्हणून ज्या पाण्यात कॅल्शियम भरपूर असते, त्यात फ्लोराइड सहसा फार वाढू शकत नाही. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही गावांनी फ्लोराइडमुळे दात आणि हाडे यांचे विकार सोसले आहेत. जड पाण्याची तक्रार करताना त्याची ही बाजूही लक्षात घ्यावी. तरीही अंदाजावर विसंबू नये, तपासणी करावी. फ्लोराइडची इष्ट मर्यादा लिटरला 1 आणि कमाल 1.5 मिलीग्रॅम आहे.

तिसरे सोडियम, आणि वृद्धांच्या दृष्टीने बहुधा सर्वांत महत्त्वाचे. पाणी मृदू करणारे एक प्रकारचे यंत्र कॅल्शियम काढून घेते आणि त्याच्या जागी सोडियम सोडते. भांड्यावरचा थर नाहीसा होतो, पाण्यातले सोडियम मात्र वाढते. पाण्यात टाकताच फसफसणाऱ्या गोळ्यांचेही असेच. त्या सहज विरघळतात त्या सोडियमच्या क्षारांमुळे. पॅरासिटामॉलच्या 500 मिलीग्रॅमच्या अशा एका गोळीत सुमारे 400 मिलीग्रॅम सोडियम असू शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ व्यक्तीने दिवसभरात 2000 मिलीग्रॅमहून कमी सोडियम घ्यावे. हृदयविकार किंवा उच्च रक्तदाब असलेल्या व्यक्तीने जेवणातले मीठ कष्टाने कमी केले आणि दिवसाला अशा तीन गोळ्या घेतल्या, तर ते कष्ट वाया जातात.

याच कारणासाठी जलसंजीवनीची, म्हणजे ओआरएसची पुडी काळजीपूर्वक वापरावी. एक लिटरच्या पुडीत सोडियम क्लोराइड 2.6 ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड 1.5 ग्रॅम, ट्रायसोडियम सायट्रेट 2.9 ग्रॅम आणि ग्लुकोज 13.5 ग्रॅम असते. तिन्ही क्षार सोडियम-पोटॅशियमचे, म्हणजे पूर्ण विरघळणारे. ही पुडी एक लिटरऐवजी एका पेल्यात घातली, तरी ती विरघळेल आणि पाणी तसेच नितळ दिसेल. परंतु ते जुलाबाने गळालेल्या म्हाताऱ्या माणसाला घातक ठरेल. बाजारात एका पेल्यासाठीच्या लहान पुड्याही मिळतात. म्हणून पुडीवर लिहिलेले माप वाचावे आणि पाणी मोजून घ्यावे. चवीवर किंवा दिसण्यावर जाऊ नये.

पाण्याची तपासणी पावसाळ्यापूर्वी एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा, अशी वर्षातून दोनदा व्हावी. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक नमुने पाठवतो. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळांत रासायनिक तपासणी होते. तेथून येणाऱ्या कागदावर नायट्रेट, फ्लोराइड आणि एकूण विरघळलेले क्षार हे तीन आकडे आधी पाहावेत. यंत्र घ्यायचे की नाही, कोणते घ्यायचे, हे त्या कागदावरून ठरवावे.

मुतखडा

आता सासूबाईंच्या मुख्य भीतीकडे वळू. बहुतेक मुतखडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात. पाचवा नियम आठवा : ऑक्झलेट आणि कॅल्शियम एकत्र आले की ती जोडी विरघळत नाही. लघवीत कॅल्शियमही असते आणि ऑक्झलेटही. पाणी भरपूर असेल तर दोघे एकमेकांपासून दूर राहतात, पाणी कमी झाले की जवळ येतात आणि स्फटिक धरू लागतो. म्हणजे खडा होण्याचे एक मोठे कारण, पेल्यात पाणी कोणते आहे यापेक्षा, दिवसभरात पेले किती रिकामे झाले हे आहे.

इटलीतील संशोधकांनी पहिल्यांदाच खडा झालेल्या रुग्णांचे दोन गट पाच वर्षे पाहिले आणि निष्कर्ष 1996 मध्ये प्रसिद्ध केले. भरपूर पाणी पिणाऱ्या 99 जणांपैकी 12 जणांना पुन्हा खडा झाला. नेहमीप्रमाणे पिणाऱ्या 100 जणांपैकी 27 जणांना. त्याच संशोधकांनी 2002 मध्ये दुसरा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात वारंवार खडे होणाऱ्या 60 पुरुषांना कॅल्शियम कमी असलेला आहार दिला आणि दुसऱ्या 60 जणांना नेहमीएवढे कॅल्शियम, पण मीठ आणि मांसाहार कमी. पाच वर्षांत पहिल्या गटात 23 जणांना खडा पुन्हा झाला, दुसऱ्या गटात 12 जणांना.

कॅल्शियम तोडल्याने खडे कमी होत नाहीत, याचे कारण पुन्हा विरघळण्याच्या नियमातच आहे. जेवणात कॅल्शियम असले, तर ते ऑक्झलेटला आतड्यातच गाठते. तेथे न विरघळणारी जोडी बनते आणि शौचावाटे निघून जाते. कॅल्शियम नसले, तर मोकळे ऑक्झलेट रक्तात शिरून मूत्रपिंडात येते. म्हणून पालक, राजगिऱ्याची भाजी, बीट किंवा शेंगदाण्याची चटणी खाताना ताटात दही किंवा ताक असावे. आपल्या भागात भाकरी, चटणी आणि दही एकत्र खाण्याची पद्धत आहेच. ती मोडू नये. जेवणातले मीठ मात्र आवरावे, कारण मीठ वाढले की लघवीतून जाणारे कॅल्शियमही वाढते. लिंबाचे सरबत उपयोगी, कारण सायट्रेट कॅल्शियमला विरघळलेल्या रूपात धरून ठेवते. ते करताना साखर-मीठ बेताने घालावे.

खडा ‘विरघळवून’ देणाऱ्या औषधांच्या जाहिराती पुष्कळ दिसतात. युरिक आम्लाचे खडे लघवीची आम्लता कमी केल्यावर खरोखर विरघळू शकतात. कॅल्शियम ऑक्झलेटचा खडा मात्र औषध पिऊन विरघळत नाही. लहान खडे पुष्कळदा आपोआप पडतात आणि श्रेय बाटलीला मिळते. मोठा खडा मूत्रमार्ग अडवून बसला असेल आणि आपण सरबते पाजत महिने घालवले, तर मूत्रपिंड कायमचे निकामी होऊ शकते. ताप, थंडी, उलट्या, लघवी बंद होणे किंवा कमी होणे यांपैकी काही दिसले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

पोट म्हणजे पाणी नव्हे

शेवटी गोळ्यांविषयी. पाण्यात न विरघळणारी वस्तू पोटातही विरघळणार नाही, असे समजू नये. जठरात तीव्र आम्ल असते. विरघळलेले बेरियम विषारी आहे. तरीही आतड्यांचा क्ष-किरण फोटो काढताना रुग्णाला बेरियम सल्फेटचे पांढरे मिश्रण पाजतात, कारण ते पाण्यातही विरघळत नाही आणि आम्लातही नाही. जसे गेले तसे बाहेर पडते. बेरियम कार्बोनेटही पाण्यात विरघळत नाही, पण जठरातल्या आम्लात विरघळते. म्हणूनच ते उंदीर मारण्यासाठी वापरले गेले.

हाडांसाठी दिली जाणारी कॅल्शियमची गोळी बहुधा कॅल्शियम कार्बोनेटची असते. तिला विरघळायला आम्ल लागते आणि आम्ल जेवणाबरोबर पाझरते. म्हणून ती जेवणासोबत किंवा जेवण होताच घ्यावी. ज्यांना आम्लपित्तासाठी ओमेप्राझोल किंवा पॅन्टोप्राझोल रोज चालू आहे, त्यांच्या पोटात आम्ल कमी असते. त्यांनी कॅल्शियम सायट्रेटची गोळी चालेल का, हे डॉक्टरांना विचारावे.

कॅल्शियम दुसऱ्या औषधांशीही जोड्या जमवते. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर घ्यावी आणि कॅल्शियम किंवा लोहाची गोळी त्यानंतर किमान चार तासांनी. सिप्रोफ्लॉक्सासिन, डॉक्सिसायक्लिन यांसारखी प्रतिजैविके दुधाबरोबर घेतल्यास कॅल्शियमशी बांधली जातात आणि पुरेशी शोषली जात नाहीत. दुधाची मुबलकता असलेल्या घरात ‘गोळी गरम पडेल’ म्हणून प्रेमाने दुधाबरोबर दिली जाते. ते प्रेम औषधाला निष्फळ करते. लोहाची गोळीही दूध किंवा चहाबरोबर नको.

सासूबाईंसाठी

वयाबरोबर तहान मंदावते. बालाघाटच्या उन्हाळ्यात दिवसाला चार पेले पाणी पिणाऱ्या 78 वर्षांच्या व्यक्तीला बद्धकोष्ठ, लघवीचा जंतुसंसर्ग, चक्कर, पडणे आणि गोंधळल्यासारखे होणे, यांचा धोका मुतखड्याइतकाच खरा आहे. हृदय किंवा मूत्रपिंड दुबळे असल्याने डॉक्टरांनी पाण्याचे माप ठरवून दिले असेल, तर तेच पाळावे. तसे नसेल तर दीड ते दोन लिटर पाणी दिवसभरात, थोडे थोडे, ताक आणि वरण-आमटी धरून जावे. लघवीचा रंग फिकट पिवळा राहिला म्हणजे पुरेसे होत आहे असे समजावे.

त्यांच्याशी वाद घालू नये. एक लिटर बोअरचे पाणी त्यांच्यासमोरच उकळावे, झाकून थंड होऊ द्यावे आणि वरचे नितळ पाणी अलगद दुसऱ्या भांड्यात ओतून घ्यावे. मग पातेल्याच्या तळाचा पांढरा थर त्यांना दाखवावा. तो पातेल्यात राहिला, म्हणजे तेवढा पेल्यात आला नाही. त्याच थरावर त्यांच्याच हातून लिंबू पिळवून घ्यावे. तो फसफसून जाईल. मग नितळ पाण्याचा पेला त्यांच्या हाती द्यावा आणि आपणही एक घेऊन त्यांच्याजवळ बसावे.